आजचं आजच खायचं: क्योतोच्या जुन्या मिठाईच्या दुकानात जाण्याआधी

परवा मैत्रिणीचा मेसेज आला, आम्ही नोव्हेंबरमध्ये क्योतोला जातोय, तिथलं एखादं खूप जुनं मिठाईचं दुकान सांग ना, घरच्यांसाठी पण काहीतरी घेऊन येऊ. मी तिला विचारलं, तिथे बसून खायचंय की इकडे आणायचंय? ती म्हणाली, दोन्ही एकाच दुकानात होईल ना? दुकान एकच चालतं, पण मिठाई एकच चालत नाही, आणि हे आधी माहीत नसलं की पैसेही जातात आणि चांगली वस्तू खराब होऊन हातात येते.

माझंच झालंय हे. ओसाकाला नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत पुण्याला येताना मी क्योतोच्या एका जुन्या दुकानातून सहा मिठाया घेतल्या, एकेक म्हणजे तळहातावर मावेल एवढं फूल, रंग असे की हात लावायची भीती वाटावी. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा सांगितलं की आजच खा, मी हो हो म्हटलं आणि डबा सरळ सूटकेसमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी घरी उघडला तर वरचं आवरण तडकलेलं, रंग एकमेकांत उतरलेले, खाली पाणी सुटलेलं. आईने तरी एक खाल्ली आणि म्हणाली, "ताजी असताना छान लागत असणार गं." ते "असणार" माझ्या डोक्यात राहिलं. दोन वर्षांनी आई-बाबा जपानला आले तेव्हा मी सगळं नीट ठरवून त्यांना फिरवलं. खाली लिहिलंय ते बरंचसं त्यातूनच आलंय, आणि त्यानंतर जे जे लोक आले त्यांना फिरवताना शिकले त्यातून.

पहिली पायरी: हिमोची हा शब्द पाठ करा

जपानी पारंपरिक मिठाईला वागाशी म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दुकानाला शिनिसे. हे दोन शब्द कुठेही वाचायला मिळतील. पण दुकानात कामाला येणारा शब्द तिसराच आहे, हिमोची, म्हणजे वस्तू किती दिवस टिकेल ते. "हिमोची वा दोनो गुराई देस का?" एवढं एक वाक्य येत असलं तरी तुमची निम्मी खरेदी बरोबर होते.

वागाशीचे तीन प्रकार पाडतात आणि ते पाडतात आतल्या पाण्यावरून. ३० टक्के किंवा त्याहून जास्त पाणी असेल तर नामागाशी, म्हणजे ओली ताजी मिठाई. १० ते ३० टक्क्यांच्या मधली ती हान-नामागाशी, अर्धी ओली. आणि १० टक्क्यांच्या आतली हिगाशी, सुकी. मी फुलासारख्या म्हणाले त्या वरच्या दर्जाच्या नामागाशी, त्यांचा जीव एक दिवसाचा, फार तर दोन. मोनाका वगैरे मधल्या गटातल्या काही दिवस राहतात. हिगाशी आठवडेच्या आठवडे चांगली राहते, ती म्हणजे बारीक साखर लाकडी साच्यात दाबून काढलेली फुलं-पानं, आपल्याकडच्या साखरेच्या गाठी आठवतील, फक्त जिभेवर ठेवली की विरघळून जाते, कारण त्यात वासानबोन नावाची शिकोकू बेटावरची, तोकुशिमा आणि कागावा भागातली फार मऊ साखर वापरतात. मग राहिला योकान, म्हणजे गोड डाळीची घट्ट वडी. तो खरं तर ओला आहे, पण साखर भरपूर आणि आटवून आटवून घट्ट केलेला, त्यामुळे बंद पाकिटात महिनोन्‌महिने टिकतो.

आता हे डोक्यात ठेवून प्लॅन केला की सगळं आपोआप जागेवर बसतं: एक दिवसाचं ते तिथेच बसून किंवा त्याच दिवशी संध्याकाळी हॉटेलवर, आठवड्याचं ते प्रवासात, आणि महिन्यांचं ते घरी न्यायला. दुकान निवडणं त्याच्या नंतर.

शाकाहारी लोकांसाठी, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

जपानमध्ये शाकाहारी माणसाची जेवणाच्या बाबतीत जी ओढाताण होते ती मला चांगली माहिती आहे, सूपमध्ये मासा, सॉसमध्ये मासा, भाजीवरही माशाचा भुगा. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की जुन्या मिठाईच्या दुकानात तुम्ही बऱ्यापैकी निश्चिंत बसू शकता. मुख्य सारण म्हणजे आंको, आणि आंको म्हणजे आझुकी नावाचे छोटे लाल दाणे, आपल्या लाल चवळीसारखे दिसणारे, शिजवून साखर घालून घोटलेले. आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, हे तर पुरणच आहे, फक्त वेलची-जायफळ नाहीये!" अगदी बरोबर आहे. पुरणाची सवय असलेल्या माणसाला डाळीचं गोड परकं वाटत नाही, युरोपातून आलेले माझे ऑफिसमधले लोक मात्र गोड डाळ म्हटल्यावर जरा थांबतात.

योकानची तर गोष्टच आहे. त्याचं नाव लिहितात त्या अक्षरांचा अर्थ होतो मेंढीचा रस्सा, कारण चीनमध्ये तो खरोखर मटणाचा पदार्थ होता, आणि झेन भिक्षूंना मांस चालत नसल्यामुळे जपानमध्ये तो डाळीचा झाला. मांजूचंही, म्हणजे आत सारण भरलेल्या वाफवलेल्या छोट्या पावांचंही, तसंच सांगतात, १३४९ मध्ये चीनमधून रिन जोइन नावाचा माणूस एका झेन भिक्षूसोबत आला, नारामध्ये राहिला आणि मांसाच्या ऐवजी गोड आझुकी भरून मांजू करायला लागला. त्याच्या घराण्याचं शिओझे हे दुकान आजही टोकियोत आहे. म्हणजे शाकाहार या मिठाईच्या मुळातच आहे. योकान घट्ट करतात तोही कानतेनने, म्हणजे आगार-आगार, समुद्री शेवाळापासून केलेलं, जिलेटिन नाही, आणि ते कानतेन सतराव्या शतकात क्योतोजवळच्या फुशिमीत पहिल्यांदा तयार झालं असं मानतात.

तरी विचारायचं. अंडं कासुतेरामध्ये असतं, दोरायाकीत असतं, काही मांजूंमध्ये असतं, आणि किमिशिगुरे नावाची पिवळी भेगाळलेली मिठाई तर अंड्याच्या बलकाचीच. "तामागो वा हाइत्ते इमास का?" असं विचारा, जिलेटिनसाठी तामागोच्या जागी झेराचिन म्हणा, ते कधीकधी नव्या प्रकारच्या मिठायांत सापडतं. जैन मंडळींना आणखी एक सांगते, कुझु हे कंदमुळापासून काढलेलं सत्त्व आहे, काही मांजूंच्या पिठात रताळ्यासारखा कंद किसून घालतात, आणि नवीन वर्षाच्या हानाबिरा मोचीत तर गोड शिजवलेलं मूळच मध्ये आडवं ठेवलेलं असतं. गव्हाची अॅलर्जी असेल तर क्योतोमध्ये कोनाशी नावाचा प्रकार टाळा, त्यात मैदा असतो. आणि मिठाईच्या दुकानाला लागून सेनबेईचं, म्हणजे तांदळाच्या खारट कुरकुरीत चकत्यांचं, दुकान दिसलं तर तिथे हा सगळा भरवसा चालणार नाही, खारट पदार्थांत माशाचा अर्क असू शकतो.

दुसरी पायरी: रस्ता ठरवा, दुकानांची यादी नको

लोक यादी घेऊन येतात, दहा दुकानं, दहाही शहराच्या दहा टोकांना. मी एकच रस्ता सांगते, इमादेगावा. क्योतोच्या उत्तर भागातून पूर्व-पश्चिम जाणारा सरळ रस्ता आहे, त्यावर किंवा त्याच्या जवळ तीन वेगवेगळ्या तऱ्हेची जुनी दुकानं पडतात आणि एकूण अंतर दोन-अडीच किलोमीटर. आईबाबा दोघं सत्तरीच्या जवळचे, मध्ये बसत बसत आरामात चालले.

सकाळी लवकर पूर्वेकडून सुरुवात करा, देमाची फुताबा. १८९९ चं दुकान आहे, क्योतोच्या हिशेबाने तरुणच. इथली मामे मोची घ्यायची, चिकट भात कुटून केलेल्या मऊ मोचीत आख्खे लाल वाटाणे, आत आंको, वाटाण्याला मिठाची चव आणि ती गोडावर अशी लागते की दुसरी घ्यावीच लागते. एक नग तीनशे येनच्या आत. इथे रांग असते, जवळजवळ नेहमी, पण भराभर पुढे सरकते कारण लोक काय घ्यायचं ते ठरवूनच उभे असतात, तुम्हीही ठरवून उभे राहा. बसायला जागा नाही. डबा घ्या आणि पाच मिनिटांवर नदीकाठी जा, जिथे कामो आणि ताकानो या दोन नद्या मिळतात तिथे. एक सावधगिरी, तिथे घारी असतात आणि त्या पाठीमागून येऊन हातातला घास उचलून नेतात, तसे बोर्डही लावलेत. झाडाखाली बसा किंवा भिंतीला पाठ लावून. मोची दुपारपर्यंत घट्ट होत जाते, संध्याकाळी तीच मोची वेगळी वस्तू होते, म्हणून लगेच खा.

मग पश्चिमेकडे चालत निघा, डाव्या हाताला राजवाड्याचं मोठं उद्यान लागतं. ते संपलं की कारासुमा रस्ता, तिथून थोडं दक्षिणेला इचिजो भागात तोराया. वाघाचं दुकान असा नावाचा अर्थ. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला क्योतोमध्येच सुरू झालं, सम्राट गो-योझेईच्या काळापासून, म्हणजे १५८६ ते १६११ या काळापासून, राजवाड्याला मिठाई पुरवतं, आणि १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले तेव्हा दुकानही त्यांच्या मागे टोकियोला गेलं, पण क्योतोचं दुकान बंद केलं नाही. राजवाड्याच्या भिंतीपासून चालत चालत त्या दुकानाच्या दारात पोचलात की राजवाड्याला मिठाई पुरवणं म्हणजे काय ते पायांनाच कळतं, एवढं जवळ आहे ते. इथे कॅफे आहे, बाग बघत बसता येतं. घरी न्यायचा योकान इथून घ्यायचा, पण आत्ता नाही, त्याचं शेवटी सांगते.

तिसरं, सरळ पश्चिमेला होरिकावा चौकापर्यंत, त्सुरुया योशिनोबु, १८०३ चं. हे निशिजिन, रेशमी विणकामाचा भाग. या दुकानासाठी एक तास मोकळा ठेवा.

वारांचं बघून घ्या एवढंच, यातली बरीच दुकानं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, वार प्रत्येकाचा वेगळा, आणि नवीन वर्षाचे पहिले दिवस धरू नका. आदल्या रात्री दुकानाच्या साईटवर त्या महिन्याचं कॅलेंडर बघायचं. नामागाशी सकाळी जास्त असतात, दुपारी तीन-साडेतीननंतर ट्रेमध्ये जे उरलंय ते.

तिसरी पायरी: पडद्याच्या आत

दारावर कापडी पडदा दिसेल, नोरेन. बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू, आत घेतला असेल तर बंद, पाटी वाचता आली नाही तरी एवढं बघा. पडदा हाताने हलकेच बाजूला करून आत जा. आतून "इराश्शाईमासे" असा आवाज येईल, त्याला उत्तर द्यावं लागत नाही, मान हलवली तरी पुरे. कोणीच दिसलं नाही, आणि छोट्या दुकानात असं होतं, कारण मागे काम चालू असतं, तर "गोमेन कुदासाई" म्हणा, म्हणजे आहे का कोणी घरात.

मग थांबा आणि बघा. जुन्या दुकानात काचेच्या आत फार माल नसतो, कधीकधी सहा-सातच नमुने, प्रत्येकासमोर छोटी पाटी. त्या पाटीवर मिठाईचं नाव असतं, आणि ते नाव म्हणजे "आंबा बर्फी"सारखं घटकावरून नसतं, कवितेतून आलेलं असतं, पहिलं दव, डोंगराचं पांघरूण, दूरचा ढग अशा धाटणीचं. आकार बघून काही कळत नाही, नाव ऐकलं की कळतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की नाव विचारा, "कोरे वा नान तो इऊ ओकाशी देस का?", फोनवर भाषांतराचं अॅप लावलंत तरी चालेल, त्या बायका मनापासून सांगतात. लाल आणि पिवळ्या रंगाचा एक विस्कटलेला गोळा होता, बाबांना तो काही विशेष वाटला नाही, आणि मग नाव कळलं, त्याचा अर्थ होता रंगलेल्या पानांचा डोंगर. त्यानंतर त्यांनी तोच घेतला.

फोटो काढायचा तर आधी विचारा, "शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?", काही ठिकाणी नाही म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका. काचेवर बोट टेकवून दाखवू नका, उघडा हात दाखवा. "कोरे ओ हितोत्सु कुदासाई" म्हणजे हे एक द्या, दोन हवे तर फुतात्सु, तीनला मित्त्सु. पैसे हातात देत नाहीत, समोर छोटा ट्रे असतो त्यात ठेवायचे, सुटे परतही त्याच ट्रेमध्ये येतात. रोख जवळ असू द्या, खूप जुनी छोटी दुकानं अजून कार्ड घेत नाहीत. एक नामागाशी साधारण चारशे ते सहाशे येन धरा. आणि तीच वस्तू तिथे बसून खाल्लीत तर कर १० टक्के, घेऊन गेलात तर ८, त्यामुळे बिलात थोडा फरक दिसला तर गोंधळू नका.

आणखी एक, तुम्ही घेतलेल्या डब्याला किती कागद लागणार ते तुम्ही ठरवता. स्वतः खायला असेल तर "जिताकु यो" म्हणा, साधं बांधून देतात. भेट द्यायची असेल तर "ओकुरिमोनो" म्हणा, मग नीट घडी घालून कागद गुंडाळतात, ती गुंडाळणी बघायला दोन मिनिटं मिळतात तेव्हा घाई करू नका. चारजणांना वाटायचे डबे एकत्र घेत असाल तर तेवढ्या छोट्या पिशव्या मागून घ्या.

चौथी पायरी: बसा

त्सुरुया योशिनोबुच्या वरच्या मजल्यावर एक छोटा काउंटर आहे, सुशीच्या दुकानात असतो तसा, पण पलीकडे कारागीर मिठाई करतो. त्या मोसमाच्या नामागाशींमधून तुम्ही निवडायची, तो समोर करून देतो, सोबत माचाचा, म्हणजे घुसळलेल्या हिरव्या चहाच्या पुडीचा, वाडगा.

आईने किनतोन निवडला. कारागिराने आधी आंकोची छोटी गोळी वळली, डाव्या हातात, बोटांच्या टोकांत, मग रंग दिलेल्या पांढऱ्या डाळीच्या पिठाचा गोळा घेऊन चाळणीवर ठेवला आणि तळहाताच्या कडेने एकदाच खाली दाबला, चाळणीच्या खालून शेवया पडाव्यात तसे मऊ तुकडे पडले. दोन रंग, दोन वेळा. मग बारीक चॉपस्टिक्स घेतल्या आणि तो एकेक शेवई उचलून त्या गोळीवर लावायला लागला, खालून वर, दाबत नव्हता, नुसती टेकवत होता, कारण दाबली की शेवई चपटी होते आणि मधली हवा जाते. आई आयुष्यभर मोदकाच्या कळ्या काढत आलेली बाई, ती त्याच्या बोटांकडेच बघत होती. मध्येच मला हळूच म्हणाली, "बघ, कोपर हलत नाहीये त्याचं." मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी चौथ्यांदा तिथे बसले होते. मी त्याला सांगितलं की आई म्हणतेय तुमचं कोपर स्थिर आहे, तो पहिल्यांदा हसला आणि म्हणाला की शिकायला लागल्यावर ते सगळ्यात आधी शिकवतात. दोन मिनिटांत एक मिठाई. लगेच बशीत.

खायचं कसं: सोबत एक लाकडी काडी देतात, कुरोमोजी, त्याच नावाच्या झुडपाची, थोडी साल ठेवलेली असते आणि वासही येतो. तिने तुकडा कापायचा, टोचायचा आणि खायचा, तीन-चार घासांत संपते. आधी मिठाई पूर्ण खा, नंतर माचा प्या. आपल्याला चहासोबत एकेक घास खायची सवय आहे, इथे उलटं आहे, तोंडात गोड असताना कडू माचा येतो आणि मग दोन्हींची चव कळते. वाडगा किती वेळा फिरवायचा वगैरेची काळजी दुकानात करायची नाही, दोन्ही हातांनी उचला म्हणजे झालं. उठताना "गोचिसोसामा देशिता".

माचासकट असं बसणं दीड हजार येनच्या आसपास जातं. नुसत्या मिठाईच्या मानाने जास्त वाटेल, पण क्योतोत एकाच ठिकाणी पैसे घालायचे असतील तर मी इथे घालीन.

वेळ उरला तर: हजार वर्षांचं दुकान

तिथून उत्तरेला अर्धा तास चालत किंवा किताओजी स्टेशनवरून वीस-पंचवीस मिनिटांवर इमामिया देऊळ आहे, दाइतोकुजी या मोठ्या झेन मठाच्या मागे. देवळाच्या पूर्वेच्या दरवाज्याबाहेर समोरासमोर दोन दुकानं, दोघंही एकच पदार्थ विकतात, आबुरी मोची, म्हणजे निखाऱ्यावर शेकलेली मोची. त्यातलं इचिवा हे इसवी सन १००० पासूनचं, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचं. समोरचं काझारिया चारशेच्या आसपास वर्षांचं. इमामिया हे रोगराई जावी म्हणून लोक येत त्या देवाचं ठिकाण, आणि ही मोची खाल्ली की आजार लागत नाही असं मानत आलेत.

अंगठ्याएवढे मोचीचे तुकडे, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेले, बांबूच्या काडीला टोचून कोळशावर धरतात, वारा घालत, इतक्या जवळ की टोकं थोडी जळतात, आणि मग गोड पांढऱ्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रसात बुडवून डझनभर काड्या एका बशीत. सोबत चहा. सहा-सातशे येन. आतमध्ये ओसरीवर मांडी घालून बसता येतं, बाबांना ते सगळ्यात आवडलं. दोन्हीपैकी कुठे जायचं हा प्रश्न सगळे विचारतात. दोघंजण असाल तर एकेक बशी दोन्हीकडे, आणि एकटे असाल तर ज्या बाजूला निखारे नुकते फुललेत तिकडे. बुधवार सहसा बंद, हे बघून जा. इथलं बांधून न्यायचा विचार करू नका, गार झालेली आबुरी मोची ही मोची राहते पण आबुरी जाते.

आणि दुसऱ्या दिवशी क्योतोच्या गिओन भागात असाल तर शिजो रस्त्यावर कागिझेन योशिफुसा, १७१६ ते १७३६ या क्योहो काळापासून कधीतरीचं. तिथे कुझुकिरी मागवा. योशिनोच्या कुझुचं सत्त्व शिजवून पातळ थर करून त्याच्या पट्ट्या कापतात, आणि हे तुम्ही सांगितल्यावरच करतात. हिरव्या लाखेचा दोन मजली डबा येतो, वरच्यात काकवीसारखा काळा पाक, खालच्यात बर्फाच्या पाण्यात पारदर्शक पट्ट्या. आल्याआल्या खा. फोटो एक काढा, दोन नाही. दहा-पंधरा मिनिटांत पट्ट्या पांढरट होतात आणि त्यांचा तो ताण, चावताना जो हलका प्रतिकार लागतो तो, निघून जातो. हिमोचीच्या बाबतीत याहून कमी आयुष्याचा पदार्थ मला माहीत नाही.

तारीख बघून मागायच्या गोष्टी

तुम्ही ज्या दिवशी जाल त्या दिवसाचं काहीतरी असतंच. ५ मेच्या सुमाराला ओकच्या पानातली काशिवा मोची, मार्चमध्ये साकुरा मोची, आणि ती क्योतोमध्ये दाणेदार भातासारखी असते, टोकियोत पातळ पोळीसारखी, बाहेरचं चेरीचं पान दोन्हीकडे खारवलेलं, खायचं की काढायचं ते तुमच्यावर. १६ जून हा वागाशी दिवस पाळतात, ८४८ साली रोगराई टळावी म्हणून देवाला मिठाया वाहिल्या आणि शकाचं नावही बदललं, त्याची आठवण. ३० जूनला क्योतोत असाल तर मिनाझुकी खाल्ल्याशिवाय परतू नका, पांढरा त्रिकोणी तुकडा, वर आझुकीचा थर. त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा, कारण पूर्वी उन्हाळ्यात बर्फ फक्त राजदरबारात मिळायचा, मग लोकांनी त्याच्या आकाराची मिठाई केली. त्या दिवशी शहरातली सगळी दुकानं तीच विकतात आणि ऑफिसमधून घरी जाणारे लोक पिशवी घेऊन जाताना दिसतात. नोव्हेंबरमध्ये चेस्टनट आणि लाल-पिवळी पानं. माझ्या मैत्रिणीला हेच मिळणार आहे.

मोसमाबाहेरची मिठाई मागू नका, नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असतं.

शेवटची पायरी: घरी न्यायचं

ही खरेदी निघायच्या आदल्या दिवशी. हिगाशीची एक पेटी आणि योकान, बस. हिगाशीत कागिझेनची किकुजुतो आहे, शेवंतीच्या आकाराची, शुद्ध वासानबोनची. पेटी उभी करू नका, कपड्यांच्या मध्ये आडवी ठेवा, नाहीतर पाकळ्या मोडतात. माणसं जास्त आणि बजेट कमी असेल तर मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा, क्योतोत ताकाशिमाया किंवा दाइमारू, जुन्या दुकानांचे काउंटर एकाच मजल्यावर असतात आणि हिमोची प्रत्येक पाटीवर लिहिलेली असते, तिथे मला घरचं सामान घेताना अर्ध्या तासात सगळं मिळतं.

योकान तोरायाचा घ्यायचा तर योरू नो उमे घ्या. बंद पाकिटात साधारण वर्षभर टिकतो, लहान आकारातही मिळतो, वाटायला बरा. सिक्युरिटीवर घट्ट जड विटेसारखी वस्तू बघून कधीकधी बॅग उघडायला लावतात, म्हणून चेक-इन बॅगेत टाका. मिझु योकान मात्र पातळ जेलीसारखा असतो, तो हँड बॅगेत द्रव धरून अडवू शकतात.

आणि घरी आल्यावर सगळ्यांच्या समोर कापा, आधी तुकडे करून ताटलीत आणू नका. सुरी ओली करून पुसा, एका दमात सरळ खाली दाबा, बोटाएवढ्या जाडीचा तुकडा. योरू नो उमे म्हणजे रात्रीची उमे, उमे हे जपानी फुलांचं झाड, थंडी सरता सरता पांढरं फुलणारं. काळ्या योकानमध्ये आख्खे आझुकीचे दाणे असतात, ते सुरीने कापले की त्यांचा फिकट गाभा दिसतो, आणि अंधारात अंधुक दिसणारी फुलं वाटतात. प्रत्येक कापात वेगळी. पुण्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर आईने पहिला तुकडा उचलला, ट्यूबलाइटकडे धरला आणि शेजारच्या काकूंना म्हणाली, "हे बघा, फुलं दिसतायत का?" उरलेल्याचं कापलेलं तोंड प्लास्टिक लावून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर कडेला साखर जमते, आणि तीन-चार दिवसांत संपवा.